पालखी लिंबाखाली थांबली तेव्हा

मुदतीच्या तापातून मी उठलो खरा, पण दम गेला तो गेलाच. तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. पेडगावात देवीपुढं सनई वाजवायची सेवा आमच्या घराकडं. दसऱ्याला पालखी देवळाला फेरी घालते, तेव्हा सनईचा सूर मध्ये तुटता कामा नये. तुटला की भोई जिथल्या तिथं उभे राहतात आणि सनई पुन्हा लागेस्तोवर पालखी पुढं सरकत नाही, अशी आमची रीत. आणि माझा सूर तर चार पावलांत तुटायचा!

नवरात्रभर मी परसात सराव केला. छाती फुगवून दम कोंडायचा, सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत गच्च दाबायची नि जीव खाऊन फुंकायचं. कारभारीण हसायची, "अवो, सनई वाजवायलाव का चूल पेटवायलाव?" मी तिच्यावर खेकसायचो आणि आत जाऊन गुपचूप डोळे पुसायचो. शेवटी ठरवलं, या दसऱ्याला सनई देवीच्या पायाशी ठेवायची आणि मोकळं व्हायचं. तिला गुंडाळायला नवं फडकंही आणलं. देवीचा रागच आला होता मला. सेवा हवी होती, तर श्वास कशाला काढून घेतला?

त्यात माझ्या मागं एकच सूर धरून साथ करणारा चुलतभाऊ आजारी पडला. त्याच्या सुराच्या आडोशाला माझा तुटका श्वास लपायचा, तोही आडोसा गेला. पालखी निघाली आणि लिंबाखाली माझा सूर तुटलाच. भोई थांबले. पाटील म्हणाले, "असू द्या, देवीआईलाबी जरा इसावा." त्या मायेच्या बोलण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. पिंगळी स्टेशनात गाडीतून उतरून पायी आलेला कुणी वाटसरू. रीत म्हणून देवळाच्या ओट्यावर आणून ठेवलेली भावाची सनई उचलून तो माझ्या कानाशी म्हणाला, "दम कोंडू नगा. गालात थोडा वारा ऱ्हाऊ द्या. त्यो भाईर जाईस्तोवर नाकातून दुसरा आपसूक येतोय. ओठ ढिले सोडा. आई घालायलीय की वारा आत, तुमी कशाला वढायलाव?"

वडिलांनी लहानपणी हेच शिकवलं होतं. तापानंतरच्या धास्तीत मी ते पार विसरलो होतो. म्हाताऱ्यानं सूर धरला. मी ओठ सैल केले. गालातला वारा पत्तीत जात होता आणि नाकातून नवा श्वास येत होता, मी न ओढता. पालखी हलली. लिंब मागं पडला, देवळाचा मागचा कोपरा गेला, देवी गाभाऱ्यात बसली, तरी मी वाजवतोच आहे! पाटील ओरडले, "बस करा की आता, बसली ती!" तेव्हा कळलं, मी रडत होतो.

वळून पाहिलं, तर भावाची सनई ओट्यावर आणि म्हातारा कुठंच नाही. पिंगळीपर्यंत विचारून आलो, कुणाला ठाऊक नव्हता. कुणी जुना वाजंत्री असेल, असं लोक म्हणतात. असेलही. मला वाद घालायचा नाही.

ते फडकं मात्र अजून आहे. दर दसऱ्याला सनई त्यात गुंडाळून नेतो, देवीच्या पायाशी ठेवतो आणि वाजवायला परत उचलतो. आई, तू श्वास घालशील तोवर मी वाजवीन.