फुगा कोणी दाबला

हनुवटीबाई आमच्या गल्लीत कुणालाच आवडत नसत. आता त्यांच्याबद्दल गोड बोलणाऱ्यांची रांग लागली आहे. त्यातले निम्मे तरी त्या समोरून येताना दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडे जात. मीही जात असे. बाईंनी एकदा तुमची हनुवटी हातात धरली की पुढे जन्मभर त्यांच्यापुढे रुबाब करण्याची सोय उरत नसे.

बाई फोटो काढत. स्टुडिओत स्टुलावर बसलं की त्या समोरून येत, दोन बोटांत हनुवटी पकडत आणि बाजारात भोपळा निरखावा तसा आपला चेहरा या बाजूने, त्या बाजूने फिरवून बघत. बोटांना अंधारखोलीतल्या औषधांचा आंबट वास. मग निकाल लागे. "डावा गाल सुजल्यासारखा आहे. उजवीकडून घेऊ." समोर मुख्याध्यापक असोत की बँकेचे मॅनेजर, निकालात फरक नाही. एका नव्या जोडप्याला म्हणाल्या होत्या, "एवढं हसू नका, अजून एकत्र राहायचंय." ते जोडपं आजही एकत्र आहे आणि आजही बाईंवर रागावलेलं आहे. पण फोटो बघाल तर असा, की त्यांच्या स्वतःच्या मुलांनीही आईबापांना इतकं नीट कधी बघितलं नसेल.

दारावरच्या पाटीवर मात्र 'बंधू फोटो स्टुडिओ' असं होतं. बंधू म्हणजे बाईंचा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ. नवरा लग्नानंतर सहा वर्षांत न्यूमोनियाने गेला. जाण्याआधी बायकोला सगळं काम शिकवून गेला, कारण तो आळशी होता. भावाला शिकवलं नाही, कारण भाऊ त्याहून आळशी होता. पुढची एकतीस वर्षं कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात बाईंचं डोकं आणि काउंटरवर भाऊजींचं हसू, अशी वाटणी राहिली. फोटोच्या पाठीवर शिक्का 'बंधू'चा. बाई कुणाच्याच बंधू नव्हत्या.

भाऊजी एकच काम करत, पण ते थाटात करत. कुणी बडं गिऱ्हाईक आलं की कोट चढवून आत येत. तोवर बाईंनी दिवे लावलेले, पडदा सरकवलेला, हनुवटी जागेवर आणलेली, कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी लागायची ती काच भरलेली. कॅमेऱ्याला नळीने जोडलेला एक रबरी फुगा असे, तो दाबला की फोटो निघे. भाऊजी येत, "हं, इकडे बघा," म्हणत आणि फुगा दाबत. गिऱ्हाईक घरी जाऊन सांगे, स्वतः मालकांनी फोटो काढला. एक खडूस बाई होती मदतीला.

रंगीत फोटोंची यंत्रं आली तसा स्टुडिओ बंद पडला. घर एकच होतं. भाऊजी खाली, बाई वर. चौदा वर्षं दोघांनी एकमेकांशी सरळ बोलणं टाकलं होतं. भाऊजींनी अंगणात जुनी सायकल ठेवली की बाई जिन्यात उभ्या राहून भिंतीला सांगत, "काही माणसं स्वतः गंजली तरी सामान टाकत नाहीत." भाऊजी मांजराला सांगत, "वरच्या मजल्यावर वारा फार वाजतो." समोरच्या शिंप्याची खिडकी या अंगणावर उघडायची. त्याने निम्मं आयुष्य मशीनवर आणि निम्मं त्या खिडकीत काढलं, म्हणून तर मला हे सगळं सांगता येतंय.

आणि मग मोठ्या शहरातल्या संग्रहालयातून एक बाई आल्या. जुन्या स्टुडिओंतल्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं. आधी इथल्या वाचनालयाच्या सभागृहात, मग तिकडे कायमचं. काचेच्या प्लेटींची खोकी भाऊजींच्या खोलीत होती. संग्रहालयाच्या बाईंनी एकेक काच उजेडात धरून पाहिली. शेवटी विचारलं, हे चेहरे टिपले कोणी?

भाऊजी म्हणाले, मी आणि दादा. वरून पावलं वाजत होती, म्हणून पाहुणीने विचारलं, आणि वहिनी?

"वहिनी आतलं बघायच्या," भाऊजी म्हणाले.

पावलं थांबली. मग जिना वाजला. चौदा वर्षांत पहिल्यांदा हनुवटीबाई भाऊजींच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"तुमचे दादा गेल्यानंतर एकतीस वर्षं फोटो निघाले, भाऊजी. ते काय वरून येऊन काढत होते?"

"फुगा मी दाबला, वहिनी. सगळ्या गावाने बघितलंय."

"फुगा दाबून फोटो होत असतील, तर भोंगा वाजवणारा प्रत्येक गाडीवाला फोटोग्राफर म्हणायचा."

मग त्या पाहुणीकडे वळल्या. मागणी एकच: नवरा गेल्यानंतरच्या प्रत्येक फोटोखाली माझं नाव लागलं पाहिजे. पाहुणीने विचारलं, काही कागद आहे का? गिऱ्हाइकांच्या नोंदींच्या वह्या होत्या, पण भाऊजींच्या अक्षरातल्या. शिक्का 'बंधू'चा, परवाना भाऊजींच्या नावाचा. पाहुणी मनाने वाईट नव्हती. म्हणाली, काकू, अशा कितीतरी बायका अंधारखोलीत राबून गेल्या आणि नाव दुसऱ्याचं राहिलं, हे मी शिकले आहे आणि शिकवतेही. पण संग्रहालयाला पुरावा लागतो.

"मग कागदांचंच प्रदर्शन भरवा," हनुवटीबाई म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. जाताना दाराला हात लावला नाही, तरी ते आपटल्यासारखं वाटलं, असं शिंपी सांगतो.

पाहुणीला फोटो जुन्या पद्धतीने, अंधारखोलीत हाताने छापून हवे होते. भाऊजींना चेव आला. कोट पुन्हा बाहेर निघाला. अंधारखोलीचं कुलूप तेल घालून उघडलं, आणि ज्या खोलीत ते एकतीस वर्षांत फक्त छत्री ठेवायला गेले होते, तिच्यात आठवडाभर मुक्काम ठोकला.

आता एवढंच लक्षात घ्या. काचेची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरीवर चित्र धरणारा औषधी मसाला असतो, जरा मंद, साय धरल्यासारखा. कागदावर टेकवायची ती मसाल्याची बाजू. अंधारात बाजू कळावी म्हणून बाई नव्या काचेचा कोपरा ओठाला लावत. चिकटला की ती मसाल्याची. भाऊजींनी डोकं लढवलं: इतका मौल्यवान मसाला, कागदाला घासून गेला तर? म्हणून त्यांनी मोठ्या काळजीने गुळगुळीत बाजू खाली ठेवली. डावं ते उजवं झालं, उजवं ते डावं झालं. फोटो थोडे पुसटही आले. भाऊजींनी पाहुणीला सांगितलं, जुन्या फोटोंना असा मऊपणा असतोच. एका शाळेच्या फोटोत पाटीवरची अक्षरं उलटी उमटली, तेव्हा ती काच खराब झाली असं समजून त्यांनी तो फोटो कपाटामागे सारला. पाहुणी परगावची. तिला कुणाचा तीळ कुठल्या गालावर, हे काय माहीत?

वरच्या मजल्याला माहीत होतं. पहिले फोटो अंगणात दोरीवर वाळत घातले होते, त्याच दोरीच्या टोकाला बाई आपले कपडे घालायला आल्या. शिंपी मशीन थांबवून बघत होता. बाई घड्याळजीच्या फोटोसमोर थांबल्या. घड्याळ उजव्या मनगटावर. पुढचा फोटो पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. एका फोटोचा चिमटा सुटून तो खाली पडत होता. बाईंनी तो चिमटा पुन्हा नीट लावला, कपडे वाळत घातले आणि वर गेल्या. त्यानंतर चार दिवस वरून गुणगुणण्याचा आवाज येत होता. शिंपी घाबरला. या बाईंना त्याने कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. चाळीस फोटो, प्रत्येकाखाली छापील पट्टी: 'बंधू'. भाऊजी कोटात. हनुवटीबाई शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी.

पहिली पाच मिनिटं सगळे खूश. मग कुजबुज सुरू झाली. एक आजी म्हणाली, ही मी नव्हे, ही माझी जाऊ वाटते. माझा भांग डावीकडे, हिचा उजवीकडे; समोर आली असती तर परकी समजून मी नमस्कार केला असता. घड्याळजी आपलं मनगट आणि फोटो आळीपाळीने बघत होता. पण फोडलं ते शिंप्याने. तो मुख्याध्यापकांच्या फोटोपुढे लालबुंद होऊन उभा होता.

"हा कोट मी शिवलाय," तो म्हणाला. "आणि बटणं बायकी बाजूला लागलीत. अशी मी लावली नव्हती. इथे एकूण अकरा कोट माझे आहेत आणि अकराही बायकांचे झालेत."

मुख्याध्यापक वारले होते, पण त्यांचे चिरंजीव हजर होते आणि वडिलांना बायकी कोटात टांगलं म्हणून तावातावाने बोलू लागले. सगळं सभागृह भाऊजींवर उलटलं. भाऊजी म्हणाले, जुन्या कॅमेऱ्यात असंच येतं. घड्याळजीने घरून आणलेला आपला मूळ फोटो खिशातून काढला. त्यात घड्याळ डाव्या हातावर. भाऊजी म्हणाले, मग औषध जुनं असेल. औषधाने घड्याळ हात बदलत नाही, असं घड्याळजी म्हणाला, आणि त्याच्या धंद्यातला माणूस उगाच बोलत नाही.

संग्रहालयाच्या बाई शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेल्या. काकू, हे काय झालंय?

"आधी पट्ट्या काढा. मग सांगते."

"वहिनी, चारचौघांत..." भाऊजी पुढे आले.

"चारचौघांतच फुगा दाबलात ना, भाऊजी?"

पट्ट्या काढायला अर्धा तास लागला. तोवर बाई बसून होत्या. मग त्यांनी एक काच मागवली, उजेडात तिरकी धरली, मसाल्याच्या मंद बाजूवर चेहरे सुधारायला आपणच मारलेल्या शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा दाखवल्या आणि सवयीने कोपरा ओठाला लावला. मग एकेका फोटोपुढून जात सांगत सुटल्या: हिची खळी डावीकडे, याचा कान उजवा फाटका, म्हणून तो लपवला होता, हा कॅमेऱ्याकडे बघेना, म्हणून मी त्याच्या घराण्याला एक शिवी दिली, तेव्हा वर बघितलं. तो माणूस तिथेच होता. तो म्हणाला, खरं आहे, दिली होती. पाहुणी वहीत उतरवून घेत होती. पुरावा उभा राहून बोलत होता, प्रत्येकाचा अपमान करत.

प्रदर्शन तीन दिवस बंद ठेवलं. बाईंनी एकोणचाळीस फोटो पुन्हा छापले. खाली नाव आलं, त्यांचं, पूर्ण. भाऊजींना वाटलं, आता आपला विषय संपला. पण बाईंनी चाळीसावी जागा रिकामी ठेवायला लावली होती.

तिथे त्यांनी एक फोटो स्वतःच्या पेटीतून आणून लावला. एकतीस वर्षांत बाईंचा निघालेला तो एकमेव फोटो. कधीतरी हट्टाने भाऊजींनी काढलेला, फुग्यासकट सगळं काम त्यांनीच केलेलं. त्यात पाय आहेत, स्टूल आहे, हात आहेत, गळा आहे. वर चेहरा मावलेलाच नाही. चौकट हनुवटीपाशी संपते.

त्याखालच्या पट्टीवर बाईंच्या सांगण्यावरून भाऊजींचं नाव ठळक अक्षरांत छापलं आहे. मोठ्या शहरात तो फोटो आता कायमचा आहे, आणि लोक त्याच्यापुढेच सगळ्यात जास्त वेळ थांबतात असं ऐकतो. भाऊजी एकदा तिकडे जाऊन पट्टी काढा म्हणून भांडून आले. पाहुणीने शांतपणे विचारलं, हा फोटो तुम्ही काढलेला नाही का?

भाऊजींनी मिळेल ती गाडी पकडली. परत आल्यावर त्यांनी मांजरालाही काही सांगितलं नाही.