तुझ्या आईला सांग

हर्षाली आता इगतपुरी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. वर्गात फारशी अडखळत नाही, पण देवळालीला घरी आली की तिची जीभ जड होते. आमच्या चाळीतले लोक अजून म्हणतात, लहानपणी जिभेला वेखंड लावलं असतं तर पोरगी सुधारली असती. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. वेखंड मीच लावलं होतं, सहाणेवर उगाळून, लागोपाठ एकवीस दिवस. दोष जिभेत नव्हताच. दोष तिच्या आईबापांत होता, आणि थोडा आम्हा शेजाऱ्यांतही होता.

देवळाली कॅम्पात बाजारामागच्या चाळीत आमची दारं समोरासमोर. माझं पिको-फॉलचं मशीन दाराशीच, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला सगळं दिसायचं. सोमनाथभाऊ लष्करी गोदामात कारकून, आशा घरी, आणि ही एकुलती एक मुलगी. दोन खोल्या, मधे दार नाही, नुसता पडदा.

नव्वद सालच्या मे महिन्यात आशाच्या भावाचं लग्न झालं, सिन्नरकडे. आपल्याकडे मांडवात जावयांना टॉवेल-टोपी देताना माइकवर नावं पुकारतात. पुकारणाऱ्यानं धाकट्या जावयाचं नाव आधी घेतलं आणि थोरल्याचं, म्हणजे सोमनाथभाऊंचं, मागून. बस्, एवढंच झालं. आशा म्हणाली, "टोपी मिळाली ना? मग झालं तर." तेवढ्यावरून ते म्हणाले, "तुझा बाप माझी माफी मागत नाही तोवर तुझ्याशी बोलणार नाही." बाईही काही कमी नव्हती. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "नका बोलू. माझं काही अडत नाही."

परतीच्या जीपमध्ये सात वर्षांची हर्षाली दोघांच्या मधे बसली होती. सिन्नर मागे पडायच्या आत बाप तिला म्हणाला, "तुझ्या आईला सांग, खिडकीची ताडपत्री खाली घे." तो पहिला निरोप. त्यानंतर अकरा वर्षं त्या घरात नवराबायको एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. आईला सांग, चहा टाक. पप्पांना सांग, रॉकेल संपलंय. आईला सांग, माझा निळा शर्ट कुठंय. पोरगी अभ्यासातून उठायची, ताटावरून उठायची, तापात पडलेली असली तरी उठायची.

आणि आम्ही काय करत होतो? कौतुक! आमच्या चाळीत भांडणं रोजची. कुणाचा नवरा पिऊन यायचा, कुणाच्या घरातून भांडी उडायची. त्यांच्या घरातून आवाज म्हणून येत नसे. "शांत घर बघावं तर सोमनाथभाऊंचं," असं मी स्वतः माझ्या नवऱ्याला ऐकवलंय. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

माझे डोळे उघडले ते ती नऊ वर्षांची असताना. आशाचा ब्लाउज द्यायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. बाहेरच्या खोलीतून सोमनाथभाऊ म्हणाले, "सांग तिला, तिच्या माहेरचे भिकारडे आहेत." पडद्याला काय भिंत म्हणायचं? मला स्पष्ट ऐकू आलं, आशालाही आलं. तरी ती ढिम्म. पोरगी पडदा सारून आत आली, आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा म्हणतात, मामाकडचे भि... भि... भेटायला कधी येणार?"

आशा म्हणाली, "सांग त्यांना, माझी माणसं त्यांच्या दारात थुंकायलासुद्धा येणार नाहीत." पोरगी बाहेर गेली. मी कान देऊन ऐकत होते. "आई म्हणते, थु... थो... थोड्या दिवसांनी येतील."

माझ्या हातातला ब्लाउज तसाच राहिला. वाईट शब्द तोंडाशी यायचा आणि ती त्याला धरून ठेवायची, तेवढ्यात त्याच अक्षराचा दुसरा, बरा शब्द शोधायची. सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं, तरी पोर आपली जीव तोडून ते गोड करत होती. आणि लोक म्हणत होते, वेखंड लावा.

शाळेतल्या बाईंनी सांगितल्यावर आईबापांनी तिला नाशिकला डॉक्टरांकडे नेलं. सोबतीला मी होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही भांडणतंटा?" दोघं एकदमच म्हणाले, "छे! आमच्या घरात आवाजसुद्धा होत नाही." अकरा वर्षांत त्यांचं समोरासमोर एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. मी तिथेच बोलायला हवं होतं. नाही बोलले. परक्याच्या संसारात कशाला पडा, असा विचार केला.

बारावीनंतर हर्षालीला चांदवडला डी.एड.ला जागा मिळाली. वसतिगृहात राहायचं होतं. पोरगी आनंदानं उड्या मारायच्या ऐवजी आठ दिवस आतबाहेर निरोप वाहत राहिली. आईला सांग, नाशकातली कॉलेजं संपली का? पप्पांना सांग, मलाही पसंत नाही. शेवटी आशा माझ्याकडे येऊन रडली. "मंगलाताई, ती गेल्यावर आमच्या दोघांत कोण आहे?"

माझा तोल सुटला. "मग तोंड उघडा की! देवानं जीभ कशाला दिलीय? पोरगी जन्माला घातलीत की पोस्टमन?" सोमनाथभाऊ ओट्यावर होते, त्यांनाही ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं फॉर्मवर सही केली. पेटी घेऊन तिला चांदवडला सोडायला मीच गेले. एसटीत ती मला म्हणाली, "काकू, प... पप्पा दर रविवारी फोन करणार आहेत."

आणि खरंच यायचे फोन. रविवारी अकरा वाजता, वसतिगृहाच्या बाईंच्या ऑफिसात. बाकीच्या मुलींना महिन्यातून एखादा यायचा, हिला दर रविवारी. ही दहापासूनच वेणी घालून बाकावर बसायची. पत्रातून मला अभिमानानं कळवायची. मलाही बरं वाटलं. म्हटलं, लांब गेल्यावर लेकीची किंमत कळली.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी फॉल लावलेली साडी द्यायला गेले. सोमनाथभाऊ फोनवर होते. आशा दोन हातांच्या अंतरावर मेथी निवडत बसली होती. ते म्हणत होते, "तुझ्या आईला सांग, गॅसचा नंबर लावून ठेव. आणि विचार, लाइटबिल कुठंय." त्यांनी रिसीव्हर पुढे केला. आशानं मेथीचे हात पुसले, कानाला लावला, लेकीकडून निरोप ऐकून घेतला आणि म्हणाली, "पप्पांना सांग, फ्रिजवर आहे." रिसीव्हर परत त्यांच्या हातात.

एका खोलीतला निरोप चांदवडहून फिरून येत होता! जेवलीस का, थंडी आहे का, अभ्यास कसा चाललाय, यातलं काहीच नाही. मी पुढे होऊन रिसीव्हर ओढलाच. "हर्षाली, तुला माझी शपथ आहे, यांचा एक शब्दही पोचवू नकोस."

 पलीकडून ती म्हणाली, "काकू, द्या पप्पांना." फोन जुना, आवाज बाहेरपर्यंत यायचा. "प... पप्पा, आई स... समोरच आहे. तुम्हीच सांगा तिला. माझ्याशी माझं बोला. मी परवा चौथीच्या वर्गावर प... पहिला पाठ घेतला. तो कसा झाला, ते वि... विचारा ना."

 आशा पुन्हा मेथी निवडू लागली. सोमनाथभाऊंनी फोन हळूच ठेवून दिला.

मला वाटलं, लाजले असतील, पुढच्या रविवारी विचारतील. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. जानेवारी गेला. हर्षालीनं लिहिलं, "काकू, मी अजून दहाला जाऊन बसते. पप्पा रागावलेत का, विचाराल?"

पत्र घेऊन मी तडक त्यांच्या दारात गेले. म्हटलं, "भाऊ, पोरीवर राग कसला धरताय?"

सोमनाथभाऊ खरोखरच गोंधळले. "राग नाही हो वहिनी, लेकीवर कसला राग? पण फोन लावून तिच्याशी बोलायचं काय?"