सड्यावरच्या पांढऱ्या खुणा

मनोहर गेल्याची बातमी मला कोर्टाच्या व्हरांड्यात कळली. आषाढाची झड लागली होती. पुढची तारीख घेऊन मी छत्री शोधत होतो, तेवढ्यात गावाकडून सकाळच्या एसटीने आलेला एक पक्षकार पायरीवर चिखलाचे पाय पुसत म्हणाला, "वकीलसाहेब, तो तुमचा पळपुट्या गेला की. छातीत कळ आली, गाडी मिळेपर्यंत संपला." एवढ्यावर त्याचं समाधान झालं नसावं. "जन्मभर पळून शेवटी मिळवलंन काय? पन्नाशीसुद्धा नाय गाठलीन," असं म्हणून तो त्याच्या कामाचं बोलायला लागला. मीही ऐकत राहिलो. त्याची बांधाची केस होती, आमच्याकडे दुसरी असते कुठली! घरी येऊन कोट खुंटीला लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेल्या चार वर्षांत मी मनोहरच्या घराची पायरी चढलो नव्हतो... आणि त्याचं कारण त्याला ठाऊक होतं.

या गोष्टीला आता दोन महिने होतील. मधल्या काळात त्याच्याविषयी इतकं गोड गोड बोललं गेलं, की आता कुणीतरी कडू बोलायलाच हवं. त्या कामाला माझ्याइतका लायक माणूस गावात दुसरा नाही.

मनोहर आणि मी पूर्णगडच्या अलीकडच्या एका वाडीतले, पहिलीपासून एका बाकावरचे. मी वकील होऊन रत्नागिरीत टायपरायटर आणि कज्जे घेऊन बसलो. तो मुंबईला गिरणीत फिटर झाला. हात असा, की बिघडलेलं यंत्र त्याच्या नुसत्या चाहुलीने सुधारावं. गिरणीने नवी यंत्रं मागवली, तेव्हा ती शिकून यायला याला वर्षभरासाठी स्वित्झर्लंडला धाडला. मी त्या वेळेपर्यंत कोल्हापूरच्या पलीकडे गेलो नव्हतो, अजूनही फारसा गेलेलो नाही. तिथून त्याची निळी हवाई पत्रं यायची. त्यांत यंत्रांविषयी चार ओळी, बाकी सगळं पळण्याविषयी. रविवारी कारखाना बंद, बोलायला कुणी नाही, भाषा कळत नाही, म्हणून हा पठ्ठ्या कॅनव्हासचे बूट घालून डोंगरात पळायला लागला. आधी उंच झाडांची सावली, मग चढ, मग एकदम उघडी कुरणं, गाईंच्या गळ्यांतल्या घंटा, आणि खाली तळं... "वाटीत निळीचं पाणी करून ठेवावं तसं," असं त्याने लिहिलं होतं. दगडांवर पांढऱ्या-तांबड्या रंगाचे पट्टे मारलेले असतात, त्यांच्या मागे मागे जायचं, माणूस चुकत नाही. पाटीवर मैल लिहीत नाहीत, वेळ लिहितात. अमुक गावाला पाऊण तास, तमक्या खिंडीला दोन तास.

आणि एक गोष्ट तो परत आल्यावर शंभरदा सांगायचा. एकदा एका कुरणातून पळताना मागून एक शेतकरीणबाई ओरडत आली. याला वाटलं, झालं, दुसऱ्याच्या जमिनीत शिरलो, आता मार खातो. बाई हातवारे करत होती ते मागच्या फाटकाकडे. याने ते उघडं टाकलं होतं, गाई बाहेर पडल्या असत्या. हा धावत मागे गेला, फाटक लावलं, तर बाई हसली आणि हात हलवून तिने त्याला पुढे जायला सांगितलं. "बापू, जमीन तिची, पण वाट सगळ्यांची. तिचं म्हणणं एवढंच, की जाताना बेडं लाव." गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, तोंडाशी आडवे बांबू घालून आपण जे फाटक करतो, ते बेडं. त्या बर्फाच्या देशातल्या फाटकालाही तो बेडंच म्हणायचा.

पुढे गिरण्या बंद पडल्या आणि मनोहर बायको-मुलीला घेऊन गावी आला. पंप दुरुस्त करायचा, पिठाच्या चक्क्या दुरुस्त करायचा, आणि पहाटे पळायचा. चाळिशीचा बाप्या अर्धी विजार घालून, मागे कुत्रं नसताना पळतो, हे आमच्या गावाला झेपण्यासारखं नव्हतं. मुंबईहून पळून आला म्हणून 'पळपुट्या' हे नाव त्याला मिळालंच होतं, आता ते पक्कं झालं. त्याला त्याचं काही नव्हतं. त्याने एक वाट शोधून काढली. एसटीच्या थांब्यापासून पाखाडीच्या पायऱ्यांनी वर, मग सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, उघड्या कातळावरून सरळ, मग आमच्या अण्णांच्या आंब्याच्या कलमांच्या कडेने समुद्राच्या अंगाला, आणि तिथून उतरत पूर्णगडच्या किल्ल्यामागे. एकदा मला ओढून घेऊन गेला. मी धापा टाकत चाललो, तो माझ्याभोवती वासरासारखा पुढे-मागे पळत होता. श्रावणातला कातळ जांभळ्या-पिवळ्या बारक्या फुलांनी भरला होता, खाली खाडीचं तोंड, त्यापलीकडे समुद्र. जन्म इथे गेला आणि मी हे पाहिलं नव्हतं, कारण सड्यावर जायचं ते मोजणीला किंवा भांडायला, एवढंच आम्हाला ठाऊक. "तिथल्यापेक्षा काय कमी आहे, सांग," मनोहर म्हणाला, "फक्त खुणा नाहीत. खुणा केल्या तर शाळेतली पोरं पळतील, मुंबईचे चाकरमानी येतील ते चालतील. माणसाला आपला गाव पायांनी दिसायला हवा रे." एवढंच त्याला हवं होतं. जगाकडे त्याने दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

त्याने पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि दगडांवर चार-चार बोटांचे पट्टे मारले. जिथे वाटा फुटतात तिथे पत्र्याच्या छोट्या पाट्या लावल्या: पूर्णगड चाळीस मिनिटे. पाटीखाली बारीक अक्षरात: बेडं लावून घ्या.

आठ दिवसांत गावात कल्लोळ. रेल्वे येणार, कारखाना येणार अशा वावड्या तेव्हा रोज उठत होत्या. त्यात सड्यावरच्या दगडांवर पांढरे पट्टे! सरकारची मोजणी झाली, जमिनी जाणार, असं म्हणून लोकांनी साप साप म्हणून भुई धोपटायला सुरुवात केली. अर्धे दगड रातोरात खाचरात पालथे पडले. मनोहर घरोघर जाऊन समजावत बसला, की बाबांनो, ही पळायची वाट आहे. तेव्हा लोकांचा संशय दुप्पट झाला. नुसतं पळायला कोण रंग आणतो? शेवटी आमचे अण्णा रत्नागिरीला माझ्याकडे आले. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, मला त्यांनीच शिकवलं, वकील केलं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "तो शिंचा आपल्या कलमांतून रोज पळतो. आज पळतोय, उद्या कोर्टात उभा राहील नि म्हणेल, वहिवाट! खुणासुद्धा करून ठेवल्यान. तू घरातला वकील कशासाठी रे?"

कोकणी माणसाला भुताचं भय नाही एवढं वहिवाटीचं. दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षं बिनविरोध ये-जा केली, तर त्या वाटेवर हक्क उत्पन्न होतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला त्याहून जास्त ठाऊक होतं. सहा महिने धावून वहिवाट होत नाही. दावा उभा राहणार नाही. मनोहरच्या मनात असलं काही येणारही नाही. हे अण्णांना सांगायला मला दोन मिनिटं पुरली असती. मी नोटीस लिहिली, तिला दहा लागली. थोरल्या भावाच्या उपकारांचं ओझं होतं, हे खरं. पण नुसतं तेच नव्हतं. जग पाहून आलेला तो, आणि मी इथे इतरांचे बांध मोजत बसलेला... त्याचं ते हलकेपण मला कुठेतरी खुपत होतं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. नोटिशीत सवयीने सगळं ठोकून दिलं: सदर जमिनीत तुम्ही, तुमचे वारस व कुलमुखत्यार यांनी पाऊल टाकू नये, खुणा स्वखर्चाने पुसाव्या, आणि कोणताही हक्क नसल्याचं लेखी द्यावं. आणि माझं शौर्य असं, की खाली स्वतःची सही न करता एका ज्युनिअरची घेतली. अण्णांचं बघून बाकीच्या बागवाल्यांनीही त्याच नोटिशीच्या नकला पाठवल्या.

पुढच्या रविवारी मनोहर माझ्याकडे आला. हातात सही केलेला कागद. नोटिशीतली भाषा जशीच्या तशी उतरवून त्याने लिहून दिलं होतं, "मी व माझे वारस." मी नजर कागदात खुपसून चहा सांगितला. तो म्हणाला, "ज्या वकिलांनी पाठवलीय त्यांना तूच पोचती कर. तुझी भेट होत असेल." मग टायपरायटरकडे बघून, "बापू, तुझ्या मशीनचा 'र' वर उडतो. नोटीसभर उडालाय." मला वाटलं, आता तो बोलेल, शिव्या देईल. बरं झालं असतं. त्याने खिशातून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला, टायपरायटर पुढे ओढला, झाकण उघडलं, आणि चहा निवेपर्यंत तो 'र' ओळीत बसवून दिला. एका कोऱ्या कागदावर चार-पाच वेळा मारून बघितला. "आता बरं दिसेल," म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. हे सगळं मी त्याच मशीनवर लिहितोय. 'र' अजून ओळीत आहे.

त्यानंतर सड्यावर तो कधी गेला नाही. खुणा त्याने स्वतःच खरवडल्या. मग पळायचा कुठे? घराभोवती. पुढचं अंगण, गोठ्याची बाजू, मागचं परस, विहिरीला वळसा आणि पुन्हा अंगण. परसात वासरू जाऊ नये म्हणून गोठ्याशेजारी बेडं होतं. प्रत्येक फेरीला हा बांबू सरकवायचा, पलीकडे जायचा, बांबू लावायचा आणि मगच पुढे. लोक गडग्यावर कोपरं टेकून बघायचे. "मन्या, घाण्यातून तेल किती पडलं रे?" तो हसायचा म्हणे. मी हे ऐकीव सांगतोय, कारण मी बघायला कधी गेलो नाही. चार वर्षं तो असा पळाला. गड, खाडी, समुद्र सगळं सोडून स्वतःच्या विहिरीला फेऱ्या घातल्यान.

शोकसभा शाळेत झाली, अध्यक्ष अण्णा. "मनोहर म्हणजे आमच्या गावचं भूषण," असं म्हणताना त्यांनी खरोखर डोळे टिपले, आणि मला त्याचाच जास्त राग आला. मग ठराव मांडला, की सड्यावरच्या त्या वाटेला मनोहरचं नाव द्यावं. टाळ्या झाल्या. वाटेवर अण्णांचीच काटेरी तार आहे, हे कुणालाही आठवलं नाही. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात. इथे तर बैल यांनीच हाकलला होता. मी उठून बोलावं असं फार वाटलं. मीही टाळ्याच वाजवल्या.

गणपती गेल्यावर परवा धीर करून त्याच्या घरी गेलो. सगळा मुलूख गुडघाभर गवताने माजलेला, पण मनोहरच्या घराभोवती दीड हात रुंदीचा पट्टा साफ, तांबडा, पायांनी घोटलेला. मी समजलो, चार वर्षांत जमीन एवढी दबली, की दोन महिन्यांच्या पावसानेही उठली नाही. तेवढ्यात घरामागून नंदा आली. त्याची मुलगी, यंदा नववीत. फ्रॉकखाली बापाचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेले. बेड्यापाशी थांबली, बांबू सरकवला, आत आली, बांबू लावला आणि माझ्याकडे न बघता अंगणातून पुढे गेली.

शालनवहिनी ओटीवर बसल्या होत्या. "चांगली पळते हो भावजी. शाळेचे मास्तर म्हणतात, हिला चढावर पळवायला हवी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग सड्यावर का जात नाही? वहिनी म्हणाल्या, "ते तुम्ही तिलाच विचारा."

पुढच्या फेरीला मी नंदाला थांबवलं. म्हटलं, "पोरी, त्या कागदाला काही अर्थ नाही. कायद्यात तो टिकत नाही. 'वारस' वगैरे नुसतं लिहायची रीत असते. मी वकील आहे, मी सांगतो ना तुला, खुशाल जा सड्यावर. अण्णांशी मी बोलतो." चार वर्षांपूर्वी अण्णांशी बोलायची ती दोन मिनिटं मी तिला आता देऊ करत होतो.

तिने कपाळावरचा घाम दंडाला पुसला. "पण बाबांनी सही केलीय ना, काका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बोलण्यात वेळ गेल्यामुळे ती जागच्या जागी पाय हलवत होती, बाप हलवायचा तसेच. मी निघालो. बाहेरच्या गडग्यातल्या बेड्यापाशी पोचलो, तेव्हा ती विहिरीच्या वळणावर होती. तिथूनच ओरडली,

"जाताना बेडं लावून घ्या, बापूकाका."