सहीच्या कार्डावर कुंकू

गेल्या गुरुवारी ऑफिसात सासूबाईंचा फोन आला. "अगं, तुझं ते अमेरिकेचं पार्सल आलं बरं का. उघडलं, देवापुढे ठेवलं आणि हळदकुंकू लावलं."

मला बेसबॉल कार्डं जमवायचा नाद आहे... हसा खुशाल. खेळाडूचा फोटो असलेलं छोटं कार्ड, त्यावर त्याची सही हवी. आता इथे जर्मनीत, बॉबलिंगेनमध्ये बसून तो कुठे भेटणार? म्हणून प्रायव्हेट सायनिंग. आपलं कार्ड आयोजकाकडे पोस्टाने पाठवायचं, खेळाडू एका बैठकीत सगळ्यांच्या कार्डांवर सह्या करतो आणि कार्ड परत येतं. म्हणजे, यायला हवं.

माझं असतं तर एक वेळ ठीक... पण हे होतं युर्गेनच्या वडिलांचं. युर्गेन माझ्या टीममधला. महायुद्धानंतर, त्याचे वडील लहान असताना, इथल्या छावणीतल्या एका अमेरिकन सैनिकाने त्यांना ते दिलेलं, त्यांनी जन्मभर जपलेलं. आता ते फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात असतात. कार्डावरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, त्यांच्याहून म्हातारा, ही त्याची शेवटची सायनिंग असं आयोजकाने कळवलं होतं. मीच उत्साहाने म्हणाले, द्या, माझ्या कार्डांबरोबर पाठवते.

पाकीट पोस्टात टाकलं आणि माझी झोप उडाली. हरवलं तर? विमानात भिजलं तर? मग महिनोन्महिने ट्रॅकिंग, त्यात पार्सल त्सोलमध्ये, म्हणजे कस्टम्समध्ये अडकलं... युर्गेन कॉफी मशीनपाशी दिसला की मी सरळ जिन्याकडे वळायचे. सांगलीहून आलेल्या सासूबाई माझी ही घालमेल गुपचूप बघत होत्या.

फोन ठेवून तशीच घरी पळाले. देवापुढे माझ्या कार्डांवर ठेवलेलं ते जुनं कार्ड... प्लास्टिकच्या कव्हरातून बाहेर काढलेलं. निळी सही सुंदर आली होती आणि तिच्याशेजारी ओल्या कुंकवाचं लालभडक बोट. टिपायला गेले तर आणखी पसरलं.

"तुझा जीव त्यात अडकलेला दिसत होता गं," सासूबाई म्हणाल्या. "सुखरूप येऊ दे म्हणून गणपतीला साकडं घातलं होतं मी." राग आला आणि रडूही आलं.

युर्गेनला सांगितलं. तो म्हणाला, आल्झो... तर मग, बाबांना तूच सांग.

रविवारी कार्ड घेऊन फ्लेगेहाइममध्ये गेले. युर्गेनच्या वडिलांनी चष्मा लावला, सही पुन्हा पुन्हा वाचली. मग अंगठा त्या लाल डागावर थांबला... मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये देव, कुंकू, सासूबाई, सगळं घडाघडा बोलून टाकलं आणि खाली मान घालून उभी राहिले.

त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरलं. खालच्या कोपऱ्यात एक जुना तपकिरी डाग होता.

"हा जॅमचा. माझ्या आईच्या बोटांचा," ते म्हणाले. "आणि हा तुमच्या आईचा. राहू दे."

परत येताना बसमध्ये मी मनसोक्त रडले. घरी आल्यावर आईंना सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, मग त्यात काय एवढं, आणि भाजी निवडत बसल्या. मी मात्र इतके दिवस एकटीच घाबरतेय असं समजत होते... पण माझी भीती बघून घरात कुणी रोज देवाला हात जोडत होतं.