इंग्लंडचं वाटणीपत्र

झेरॉक्स मशीनजवळ बसणाऱ्या बाईला कान मिटता येत नाहीत. लोक कागद देतात आणि कॉपी निघेपर्यंत सगळी रामकहाणी सांगून टाकतात. कागद ते घेऊन जातात, किस्से माझ्याजवळ राहतात. मोहाडीच्या तहसील कचेरीसमोर टिनाच्या शेडमध्ये आम्ही तिघं बसतो. अर्ज लिहिणारे मेश्रामकाका, स्टॅम्प पेपर विकणारे धकातेभाऊ आणि मी. भावाभावांच्या वाटण्यांचे किस्से सांगत बसले तर आठवडी बाजार उठून जाईल! म्हणून आज एकाच वाटणीचे सांगते. ती मोहाडीतली नाही, इंग्लंडची आहे. हसू नका, तिचा ताप आमच्या शेडला झाला.

*

धकातेभाऊंच्या घरी माग आहे, कोशाचं रेशमी कापड विणतात. पण भाऊंचा जीव पेपरातल्या बातम्यांत. एका सकाळी ते मोठ्यानं वाचू लागले, "इंग्लंड युरोपातून वेगळं निघून राहिलं!"

काकांनी टाइपरायटरवरून मान वर केली नाही. "हिस्सेदार किती?"

"अठ्ठावीस."

"बापा बापा! आपल्या इथं चार भावायच्या वाटणीले दहा वर्षं लागते!"

मग वर्षानुवर्षं तेच चाललं. बोलणी फिसकटली, मुदत वाढली, पुन्हा बोलणी. भाऊ बातमी वाचायचे आणि काका रिबन बदलता बदलता म्हणायचे, "एखादी बहीण सही देत नसन."

*

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सगळे लोक धानाच्या बांध्यांत असतात, कचेरीकडे कुत्रं फिरकत नाही. अशाच एका रिकाम्या दुपारी काकांनी टाइपरायटरमध्ये कागद चढवला. "चाल भाऊ, त्यायचं वाटणीपत्र आपणच करून देऊ. चतुःसीमा सांग."

"पूर्वेस समुद्र. पश्चिमेस समुद्र. दक्षिणेस समुद्र." भाऊ जरा अडले. "उत्तरेसही समुद्रच हाय जी."

काकांनी हात थांबवला. "ना कोणाचा धुरा-बांध लागत, ना कोणाच्या वावरातून बंडी जात. मग हे लोक भांडले कायवरून गा?"

शेवटी त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं, "विहीर व जाण्यायेण्याची वाट सामाईक राहील." हे वाक्य ते प्रत्येक वाटणीपत्रात टाकतात, कोणी सांगो की न सांगो.

मी म्हटलं, "काका, इंग्लंडच्या वाटणीत विहीर कुठून आली?"

"ताई, माणूस रागात असला का विहीर विसरते. तहान लागली का मग आठवते."

*

काकांची मुलगी प्रज्ञा, एकुलती एक. आई गेली तेव्हा ती पाचवीत होती. शाळा सुटली की आमच्या शेडमध्ये यायची, टाइपरायटरच्या टेबलाखाली दप्तर ठेवून तिथंच अभ्यास करायची. पुढं नर्सिंग शिकली. तिकडे इंग्लंड वेगळं निघालं, युरोपातल्या कितीतरी पोरी तिथली म्हाताऱ्यांची सेवा सोडून आपापल्या देशी गेल्या आणि जागा निघाल्या. प्रज्ञाला तिथल्या एका वृद्धाश्रमात नोकरी लागली. काकांनी साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. "त्यायची वाटणी आपल्याले फळली!"

वर्ष झालं. पोरीनं सुट्टी मागितली, मिळाली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. काहून? तर म्हणे स्टाफ नाही. स्टाफ काहून नाही? तर युरोपातल्या पोरी निघून गेल्या!

काकांनी त्या दिवशी भाऊंच्या हातातला पेपर ओढून घेतला. "भांडण त्यायचं, अन् कोंडून ठेवली माही पोरगी!" दिवसभर टाइपरायटर वाजला नाही. 

*

त्या वृद्धाश्रमात डोरोथी नावाची एक म्हातारी. वेगळं निघायच्या बाजूनं मत दिलेली, आणि ते सगळ्यांना सांगणारी. प्रज्ञा पहिल्यांदा तिचा चहा घेऊन गेली तर म्हणते, "तू तुझ्या देशी कधी जाशील?" दुसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवस तेच.

प्रज्ञा फोनवर रडली. काका तिला म्हणाले, "तिच्यावर चिडू नको बेटा. अख्ख्या इंग्लंडात माह्या मनातलं बोलणारी तेवढी एकच बाई हाय!"

*

पोरगी येत नाही तर आपणच जाऊन येऊ, असं काकांनी ठरवलं. भाऊ म्हणाले, एजंटकडून फॉर्म भरा. काका भडकले. "चाळीस वर्षं झाली अर्ज लिहून राहिलो! मले एजंट शिकवते?"

फॉर्म माझ्याच कॉम्प्युटरवर भरला. जाण्याच्या कारणात त्यांनी लिहायला लावलं, "तीन वर्षं झाली, मुलीचा चेहरा समोरून पाहिला नाही." बस, एवढंच.

दुसऱ्यांचे हजारो अर्ज पास करून घेतलेल्या माणसाचा स्वतःचा अर्ज नामंजूर झाला. व्हिसावाल्यांचं म्हणणं, हा माणूस परत जाईल याची खात्री वाटत नाही.

काका आधी खूप हसले. "मी काय तिथं जाऊन धान लावीन?" मग चष्मा काढून पुसत हळूच म्हणाले, "ताई, पण ओळखलं त्यायनं बरोबर."

*

आमची दुपार म्हणजे तिची सकाळ. ड्यूटीवर जायच्या आधी तिचा फोन यायचा. "बाबा, बोलू नका. नुसतं टाइप करा, मी ऐकते." काका फोन मशीनशेजारी उभा करायचे आणि टकटक सुरू. ती तिकडं गपचूप ऐकत डबा भरायची.

एकदा असंच चालू असताना करडी गावचा एक शेतकरी फेरफाराचा अर्ज लिहून घेऊन गेला. चांगला सहा फुटी, झुपकेदार मिशीवाला. दहा मिनिटांत लालबुंद होऊन परत! "काकाजी, बाबू विचारून राहिला, प्रज्ञा कोण हाय?"

अर्जदाराच्या नावाच्या जागी काकांनी 'प्रज्ञा' टाइप केलं होतं.

"सारी कचेरी हासली जी माह्यावर!"

काकांनी मुकाट्यानं दुसरा अर्ज करून दिला. पहिला मी फेकला नाही, अजून जपून ठेवला आहे.

*

आणि यंदा सुट्टी मंजूर झाली! महिनाभराची! तिकीट निघालं. काकांनी घराला रंग दिला, टाइपरायटरला नवी रिबन घातली. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्सची जागा निघाली होती. काकांनी प्रज्ञाच्या नावानं अर्ज टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवला, फक्त तिची सही बाकी. "एकदा येऊ दे. आता वापस नाई जाऊ देत." आम्हालाही तेच वाटत होतं.

चार दिवस उरले असताना दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी खुर्चीत एक पांढऱ्या केसांची म्हातारी.

"बाबा, ही डोरोथी. हिला आता मीच लागते. मी जाणार हे कळल्यापासून जेवून नाही राहिली. हिचा पोरगा फ्रान्सात असते, तो येत नाही. तुमच्याशी बोलायचं म्हणते."

म्हातारी हळूहळू काहीतरी बोलली. प्रज्ञानं मराठीत सांगितलं, "म्हणते, तुम्ही सगळे आपापल्या घरी जा म्हणून मीच मत दिलं होतं. आता विचारून राहिली, तुम्ही प्रज्ञाला परत इकडं पाठवाल का?"

धकातेभाऊ काकांच्या कानाशी लागले. "काका, नाई म्हणा! सरळ नाई म्हणा!"

काकांनी ड्रॉवर उघडला. आतला कागद काढला, उलटा केला आणि टाइपरायटरमध्ये चढवला.

"काका! हा तं नोकरीचा अर्ज हाय!"

"पाठकोरा हाय ना? चालते."

टकटक सुरू झाली. तिकडे प्रज्ञानं डोळे मिटले. चार ओळी झाल्यावर काकांनी कागद काढून फोनसमोर धरला आणि वाचला. "लिहून देणार, एक, नामदेव मेश्राम, राहणार मोहाडी. दोन, डोरोथी, राहणार इंग्लंड. मुलगी दोघांत सामाईक राहील. जाण्यायेण्याची वाट कोणीही अडवणार नाही."

प्रज्ञाला ते इंग्रजीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. म्हातारीनं ऐकलं, डोळे पुसले आणि समोरची वाटी जवळ ओढली. दोन चमचे खाल्ल्यावर विचारलं, सही कुठं करायची?

काकांनी आपली सही केली आणि कागद माझ्याकडं दिला. "ताई, झेरॉक्स काढून ठेव. पोरगी वापस जाईन तवा सोबत देऊ."

मी मशीनचं झाकण उचललं. "काका, दोन्ही बाजू काढू?"

"नाई," काका म्हणाले. "एकच काढ."