सलीमभाईंची दुसरी ओळ

आमच्या अकोल्याच्या ऑफिसात माणसं चार, पण किस्से असे साचलेत की डब्यातली भाजी संपते, किस्सा संपत नाही. अर्धे किस्से सलीमभाईंचे आणि माझे. भाई यंदा रिटायर झाले. मला पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा त्यांनीच शिकवली आणि माझी नोकरीही त्यांच्यामुळेच टिकली, हे आधीच सांगून टाकते.

* * *

मी तेव्हा मूर्तिजापूरहून ये-जा करायची, तीन महिन्यांच्या ट्रायलवर. काम माती तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट काढणाऱ्या स्क्रिप्टचं, म्हणजे छोट्या प्रोग्रामचं. ती भाईंच्या कॉम्प्युटरवर पळायची, माझ्या कॉम्प्युटरवर मात्र "मॉड्यूल सापडत नाही", म्हणजे तिला लागणारी जोडफाइल सापडत नाही, म्हणून अडून बसायची. दिवसभर मी फाइली कॉपी करत राहिले. संध्याकाळी भाईंनी वाकून पाहिलं. स्क्रिप्टमध्ये त्यांच्याच फोल्डरचा पत्ता लिहिलेला होता.

"तुया घरात मायी चप्पल कशी सापडन, बेटा?"

* * *

मग भाई म्हणाले, पक्का पत्ता लिहायचाच नाही. स्क्रिप्टनं आधी आपण कुठं उभे आहोत ते पाहायचं आणि तिथूनच बाजूचं फोल्डर शोधायचं. मी तसं लिहिलं. तरी तेच रडगाणं! पर्ल मॉड्यूल आधीच मागत होतं आणि मी पत्ता नंतर सांगत होते.

"जेवण झाल्यावर ताट मांडून राहिली तू," भाई म्हणाले, आणि पत्ता सगळ्यात आधी वाचला जाईल असा बिगिन ब्लॉकमध्ये टाकायला लावला.

* * *

ट्रायलच्या शेवटी साहेब म्हणाले, "खताची मात्रा काढणारं तुझं नवं मॉड्यूल अमरावतीच्या लॅबमध्ये माझ्यासमोर चालवून दाखव. नाही चाललं तर सोमवारपासून येऊ नको."

त्याच नावाचं जुनं मॉड्यूल भाईंचं होतं. स्क्रिप्ट भाईंनी आधीच तिकडे पाठवली होती, माझं फोल्डर तेवढं मला पेनड्राइव्हवर न्यायचं होतं. निघताना भाई म्हणाले, "एक ओळ वाढवली हाय. हात नको लावू."

साहेबांसमोर एन्टर दाबलं. रिपोर्ट झकास निघाला. "पक्की झालीस," साहेब तिथंच म्हणाले.

परतीच्या एसटीत पर्स उघडली, तर पेनड्राइव्ह आतच. गडबडीत तो मी लॅबमध्ये लावलाच नव्हता. लगेच भाईंना फोन केला.

"भाई, माझं मॉड्यूल तर माझ्याजवळच राहिलं. मग तिथं चाललं काय?"

"मायं. स्क्रिप्टसंगंच धाडलं होतं. शोधायच्या यादीत पहिले तुयं फोल्डर हाय, त्याच्या मागं मायं. तुयं नाही भेटलं त मायं भेटन, म्हणून ठेवलं."

मला रडूच आलं. "साहेबांना सांगू?"

"सांगजो. पण पहिले उतर, वापस जाय, अन् तुयं टाकून ये. मंग मायं कोणी पाहातच नाही."