मागच्या खोलीतली नावं

उमरग्यात हायवेलगत वैजनाथचा फोटो स्टुडिओ आहे. बावीस वर्षांत त्यानं तालुक्यातली कितीतरी लग्नं टिपली, पण एकाचीही तारीख त्याच्या डोक्यात राहत नाही. राहतं ते त्या दिवशी काय घडलं ते. म्हणून मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर त्याच्या फोल्डरांची नावं अशी: 'नवरदेव रुसला', 'घोडी उधळली', 'मामा आलाच नाही'. गिऱ्हाइकाला फोटो निवडायचे असले, की तो ते पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि पुढं काउंटरवरच्या कॉम्प्युटरला लावायचा. दिवसातून वीस खेपा.

सोलापुरात शिकणारी पुतणी गायत्री सुट्टीला आली आणि तिनं दोन्ही कॉम्प्युटर वायरनं जोडले. पुढच्या स्क्रीनवर एक शॉर्टकट ठेवला. "काका, यावर क्लिक केलं की मागचं सगळं इथं दिसंल."

सगळं म्हणजे काय काय, हे वैजनाथच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याणप्पा आणि शांताक्का आले. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. फोटोचं काम वैजनाथला द्यायचं की दुसऱ्याला, ते ठरायचं होतं. आधी थोरल्या लेकीच्या लग्नाचे फोटो बघू, असं कल्याणप्पा म्हणाले. वैजनाथनं ऐटीत शॉर्टकट उघडला. नावांची रांग लागली. त्यानं घाईघाईनं स्क्रीनवर हात धरला, पण शांताक्कांनी वाचलं होतं.

"'कल्याणप्पा, जेवण कमी पडलं'." त्या नवऱ्याकडं वळल्या. "सहा वर्सं सांगतेय, लोकाला कळलं म्हणून. तुमचं आपलं एकच, कुणाला पत्ता न्हाय!"

कल्याणप्पा उठलेच. "गावभर दाखवलंस व्हय रे?"

"न्हाय अप्पा. मागच्या खोलीत माझ्याबिगर कुणी जात न्हाय. हे कालच जोडलंय."

"मग कमी पडलं, हे तुला कुणी सांगितलं?"

वैजनाथनं स्क्रीनवरचा हात काढला. "शेवटच्या पंगतीला मीच हुतो."

फोटोवाला शेवटी जेवतो, हे कल्याणप्पांना ठाऊक होतं. त्यांनी त्याचा विचार कधी केला नव्हता.

"उपाशी गेलास? आन बोलला न्हाईस?"

"चौरस्त्यावर भजी खाल्ली की. लई झकास हुती."

शांताक्का तोंडाला पदर लावून हसल्या. कल्याणप्पा परत खुर्चीत टेकले. "आधी ही नावं इथून हलव," एवढंच म्हणाले. काउंटरमागं बसलेल्या गायत्रीनं शॉर्टकट तिथंच बदलला. आता पुढं एकच रिकामं फोल्डर, वैजनाथ मागून टाकील तेवढंच त्यात दिसणार.

"एकवीस तारीख लिहून घे," कल्याणप्पा म्हणाले. "पर ह्या खेपेला पहिल्या पंगतीला बसायचं."

"मग पहिल्या पंगतीचे फोटो कोण काढणार, अप्पा?"

"ऱ्हाऊ दे फोटो," शांताक्का म्हणाल्या. "तू आधी जेव."